कासेतले विष आणि रेणू ओळखणारे छिद्र

(दौंड येथे झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मजकूर)



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते गुरांचे डॉक्टर होते. भीमेच्या दोन्ही काठांवरचे गोठे त्यांना पाठ होते. त्यामुळे मला विषय विचारला गेला तेव्हा मी असे विज्ञान निवडले, ज्याची गोष्ट गोठ्यापासून सांगता येते. विषय आहे नॅनोपोर. म्हणजे अतिशय बारीक छिद्र, आणि त्या छिद्रातून डीएनए, आरएनए, प्रथिने असे जीवरेणू एकेक करून ओळखण्याची पद्धत.

इथे बसलेल्या बहुतेकांनी दगडी पाहिली आहे. पहाटे धार काढायला बसावे तर गाय पाय झाडते. एक सड हाताला गरम लागतो, कास टणक झालेली असते, पहिल्या धारांत गुठळ्या येतात. पुस्तकात याला कासदाह म्हणतात. दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या पगारावर ज्यांचे घर चालते, त्यांना या आजाराचा हिशेब सांगायला नको. दूध ओतून द्यावे लागते, औषधाच्या ट्यूबा विकत आणाव्या लागतात, आणि कधी एक सड कायमचा जातो.

दगडी आणणारे जंतू अनेक आहेत. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा फार चिवट. तो कासेच्या आत खोल दडून बसतो, औषधाने दबतो आणि पुन्हा डोके वर काढतो. त्याच्याजवळ एक विष आहे, अल्फा-हिमोलायसिन. हे विष म्हणजे एक प्रथिन. त्याचे सात सारखे रेणू पेशीच्या आवरणावर गोल बसतात, एकमेकांत गुंततात आणि आवरणातून आरपार एक नळी उतरवतात. पेशीला भोक पडते. आतले क्षार बाहेर, बाहेरचे आत, आणि पेशी मरते. काही गायींची कास काळीनिळी पडते, हाताला गार लागते आणि झडू लागते. त्या भयानक प्रकारात मोठा वाटा याच विषाचा असतो.

आता या नळीचे माप बघा. तिची सर्वांत अरुंद जागा सुमारे १.४ नॅनोमीटर आहे. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश. माणसाचा केस पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो. डीएनएच्या दोन धाग्यांचा पीळ २ नॅनोमीटर रुंद, म्हणजे तो या नळीतून जात नाही. पीळ उलगडून धागा एकेरी केला, की तो जेमतेम निघतो. गायीची कास नासवणाऱ्या जंतूने, स्वतःच्या पोटापाण्यासाठी, डीएनएचा एक धागा बरोबर मावेल एवढे छिद्र घडवून ठेवले होते. माणसाने त्याचा उपयोग ओळखला १९९० च्या दशकात.

त्याआधी आणखी एक छिद्र सांगितले पाहिजे, कारण तुमच्यापैकी बहुतेकांचे रक्त त्यातून गेलेले असेल. अमेरिकेतले वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये एका साध्या युक्तीचे पेटंट मिळाले. खारट पाण्याच्या दोन भागांमध्ये एक बारीक भोक ठेवायचे आणि त्यातून वीज वाहती ठेवायची. एखादी रक्तपेशी भोकातून गेली की तेवढ्यापुरता विजेला अडथळा होतो. अडथळे मोजा, पेशी मोजून होतात. अडथळा किती मोठा ते पाहा, पेशीचा आकार कळतो. डेंग्यूच्या साथीत शिरूरच्या किंवा दौंडच्या लॅबमध्ये प्लेटलेट मोजून घेता, तेव्हा यंत्राच्या पोटात बहुधा हेच तत्त्व चालू असते. दुधातल्या पेशी मोजायलाही ते वापरले गेले आहे. नॅनोपोर हे त्याच तत्त्वाचे पुढचे पाऊल. फक्त भोक हजारो पटींनी लहान झाले, आणि पेशीच्या जागी एकटा रेणू आला.

डेव्हिड डीमर हे कॅलिफोर्नियातले जीवभौतिकीचे प्राध्यापक. १९८९ मध्ये त्यांनी आपल्या वहीत एक चित्र काढले: एक पातळ पडदा, त्यात एक छिद्र, छिद्रातून ओढला जाणारा डीएनएचा धागा, आणि प्रत्येक अक्षरागणिक बदलणारा विजेचा प्रवाह. हार्वर्डचे डॅनियल ब्रँटन हेही या कामात त्यांच्यासोबत आले. छिद्र कुठून आणायचे हा प्रश्न सुटला तो स्टॅफिलोकॉकसच्या विषामुळे. जॉन कॅसियानोविच, एरिक ब्रँडिन, ब्रँटन आणि डीमर यांचा शोधनिबंध १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी या विषाच्या सात भागांची रचनाही उलगडली. विजेच्या बळावर आरएनए आणि डीएनएचे एकेरी धागे त्या नळीतून जातात, आणि धागा जितका लांब तितका अडथळा जास्त वेळ टिकतो, हे शोधनिबंधाच्या या चौघा लेखकांनी दाखवून दिले. अक्षरे वाचणे अजून दूर होते.

हे काम नेमके चालते कसे, ते दाऱ्यावर पाणी धरणाऱ्याला पटकन समजेल. पाटाच्या मोरीतून पाणी एका लयीत वाहत असते. वरून पाचट वाहत आले की खालची धार मंदावते; ओंडका आला की आणखी मंदावते. धार किती कमी झाली आणि किती वेळ, एवढ्यावरून मोरीतून काय गेले याचा अंदाज बांधावर उभ्या असलेल्या माणसाला येतो, वाकून बघावे लागत नाही. नॅनोपोरमध्ये पडद्याच्या दोन्ही बाजूंना क्षाराचे पाणी असते. एका बाजूला ऋण, दुसऱ्या बाजूला धन टोक. दाब अगदी थोडा, व्होल्टच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी. छिद्र मोकळे असते तेव्हा क्षाराचे कण त्यातून सतत जातात आणि शंभर-सव्वाशे पिकोॲम्पिअरच्या घरात वीज वाहते. एक पिकोॲम्पिअर म्हणजे ॲम्पिअरचा एक लाख कोटीवा भाग. डीएनएच्या अंगावर मुळातच ऋण भार असतो, म्हणून तो धन टोकाकडे ओढला जातो आणि छिद्रात शिरतो. प्रवाह एकदम खाली येतो. धाग्यावरची अ‍ॅडेनिन, थायमिन, ग्वानिन, सायटोसिन ही चार अक्षरे वेगवेगळ्या आकाराची असल्याने प्रत्येकाचा अडथळाही थोडा वेगळा.

अडचण वेगाची होती. मोकळा सोडलेला धागा सेकंदाच्या काही लाखाव्या भागात एकेक अक्षर ओलांडून जातो. इतक्या कमी वेळात छिद्रातून जाणारे कण मोजकेच, त्यांच्यावरून अक्षर ओळखायचे तरी कसे? उपाय पुन्हा जीवसृष्टीतूनच आला. डीएनएवर पायरी पायरीने सरकणारी एन्झाइम पेशीत असतात. तसे एक एन्झाइम छिद्राच्या तोंडाशी बसवले, की ते धागा एकेक अक्षराने पुढे सोडते. मार्क एकेसन आणि जेन्स गुंडलाख यांच्या दोन वेगवेगळ्या गटांनी २०१२ मध्ये हे करून दाखवले. आजच्या यंत्रांत धागा सेकंदाला सुमारे ४०० अक्षरांच्या वेगाने जातो. तरीही अरुंद जागेत एका वेळी चार-पाच अक्षरे असतातच. पाच अक्षरांच्या शक्य जोडण्या १,०२४ होतात. पडद्यावर जी वेडीवाकडी रेघ उमटते, ती उलगडून अक्षरे लावायचे काम संगणकाकडे असते. ही रेघ प्रत्यक्ष हलताना बघण्यासारखी आहे. ती पाहताना एक रेणू, फक्त एक, आपल्यासमोर स्वतःचा मजकूर सांगत असतो.

छिद्रेही बदलली. गुंडलाख यांनी वापरले ते मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसचे, म्हणजे मातीत सापडणाऱ्या, क्षयाच्या जंतूच्या चुलतभावाचे. नंतरच्या यंत्रांत ई. कोलायचे छिद्र आले. हा जंतू माणसाच्या आणि जनावराच्या आतड्यात असतो. जीवसृष्टीबाहेरही प्रयत्न झाले. सिलिकॉन नायट्राइडच्या पातळ पडद्यात हार्वर्डच्या गटाने २००१ मध्ये कणांच्या झोताने नॅनोमीटरची छिद्रे घडवली. अशा घन पडद्यांच्या छिद्रांवर आपल्याकडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत काम होते. डेल्फ्ट इथल्या सीझ डेकर यांच्या गटाने २०२१ मध्ये छिद्रातून प्रथिनाचा तुकडा सरकवून त्यातला एका अमिनो आम्लाचा फरक ओळखला. प्रथिने अक्षर-अक्षर वाचायला मात्र अजून वेळ आहे. डीएनएची चार अक्षरे, प्रथिनांची वीस, आणि सगळ्यांवर एकसारखा भारही नाही.

ऑक्सफर्डचे हेगन बेली यांनी या विषाच्या छिद्रावर वर्षानुवर्षे काम केले होते. त्यांच्या सहभागातून २००५ मध्ये ऑक्सफर्ड नॅनोपोर ही कंपनी निघाली आणि २०१४ मध्ये मिनआयन हे यंत्र निवडक संशोधकांच्या हाती पडले. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, लॅपटॉपला जोडायचे, तळहातावर मावते. वहीतल्या चित्रापासून इथवर पंचवीस वर्षे गेली. आपल्याकडे तीन वर्षांच्या अनुदानात निकाल मागितला जातो, म्हणून हा आकडा मी मुद्दाम सांगतो.

हे यंत्र २०१५ मध्ये विमानाच्या सामानातून गिनीला गेले. इबोलाची साथ चालू होती. तिथे १४२ रुग्णांच्या नमुन्यांतले विषाणू वाचले गेले आणि नमुना हाती आल्यापासून एका दिवसाच्या आत उत्तर मिळू लागले. साथ कोणत्या गावातून कोणत्या गावात गेली, हे माहिती नसताना अंदाजाने फिरणे आणि माहिती असताना फिरणे यात किती माणसांचे प्राण असतात ते सांगायला नको. २०१६ मध्ये ब्राझीलच्या ईशान्येत झिकाचा माग काढायला ही यंत्रे एका बसमध्ये घालून फिरवली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अंतराळवीर केट रुबिन्स यांनी याच यंत्राने अंतराळ स्थानकात डीएनए वाचला. झिका आपल्यालाही परका नाही. महाराष्ट्रातला पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, आणि पुरंदरची शीव दौंडला लागलेली आहे. निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने केले.

अंतराळात जाते, बसमध्ये फिरते, मग हे यंत्र तालुक्यात का नको? माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा एवढाच आहे. आपल्या प्रश्नांचे नमुने सत्तर-ऐंशी किलोमीटर जातात, आणि उत्तर येईपर्यंत उपचार उरकलेला असतो. चांगल्या प्रयोगशाळा पुण्यात आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण जंतू वाढवून, मग त्याच्यावर औषधे लावून पाहायला दोन-तीन दिवस लागतातच, आणि दगडीची गाय तेवढे थांबत नाही. मग डॉक्टर अंदाजाने प्रतिजैविक देतात. बहुतेक वेळा दुसरा इलाजच नसतो.

गोठ्यात आज होणारी एक चाचणी जवळून बघू. चार वाट्यांचा ट्रे असतो, चार सडांचे चार नमुने. त्यात साबणासारखे द्रावण घालून ट्रे गोल हलवायचा. निरोगी सडाचे दूध पातळच राहते. आजारी सडाचे दूध घट्ट होते, चिकट, वाटी तिरकी केली तर लोंबते. हा घट्टपणा कशाचा? आजारी कासेत पांढऱ्या पेशी धावून आलेल्या असतात. द्रावणाने त्या फुटतात, त्यांच्यातला डीएनए बाहेर पडतो आणि त्याच्या लांब धाग्यांनी दूध चिकट होते. म्हणजे ज्या रेणूची मी तासभर गोष्ट सांगतो आहे, तो तुम्ही गोठ्यात उघड्या डोळ्यांनी पाहिलेला आहे. चाचणी सांगते की सूज आहे. जंतू कोणता आणि कोणते औषध त्याच्यावर चालणार नाही, हे ती सांगत नाही. तेवढेच पुढचे वाक्य नॅनोपोर वाचू शकते.

हे सोपे नाही, तेही सांगतो. त्या चिकट दुधातला बहुतेक डीएनए गायीचा असतो, जंतूचा फार थोडा. शिवाय दुधात स्निग्धांश. गायीचा डीएनए बाजूला काढून जंतूचा पुढे आणणे ही सगळ्यांत कष्टाची पायरी आहे, यंत्राचा भाग त्यामानाने सरळ. सुरुवातीच्या काळात या यंत्रांच्या वाचनात चुका फार होत, शंभरातली तीस-चाळीस अक्षरेही चुकत. आता नव्या छिद्रांनी आणि नव्या आज्ञावलींनी चूक शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून खाली आली आहे. छिद्रांची पट्टी आयात करावी लागते, ती महाग आहे, फ्रीजमध्ये जपावी लागते, आणि तालुक्यात भारनियमन आहे. गोठ्यागोठ्यात यंत्र द्या असे म्हणणारा मी नाही. तालुक्याला एक जागा, दोन शिकलेली माणसे आणि कधी न बंद पडणारा फ्रीज, एवढे पुरे आहे.

आणि त्या जागेने सर्वांत आधी काय वाचावे? माझे उत्तर नदी.

मुळा-मुठा पुण्यातून येते आणि शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव सांडसला भीमेला मिळते. समोरच्या काठाला दौंड. पुढे हेच पाणी दौंड शहराजवळून उजनीकडे जाते. शहराने वापरून सोडलेले पाणी या दोन तालुक्यांच्या वाट्याला येते, नदीने येते आणि कालव्यानेही येते. मुंढव्याच्या जॅकवेलवरून उचललेले प्रक्रिया केलेले सांडपाणी जुन्या बेबी कालव्यातून हवेली-दौंडच्या शेतांना दिले जाते. फेस आणि वास तुम्ही रोज बघता. मी बोलतो आहे ते न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल.

संशोधक नचिकेत मराठे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मुठेच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुके शहराच्या वरच्या बाजूला होती त्यापेक्षा शहरातल्या गाळात सुमारे ३० पट आढळली. दवाखान्यात अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेल्या औषधांविरुद्धची जनुकेही त्यांत होती. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी गंगेवर नॅनोपोर यंत्राने जंतूंची पाहणी केली आणि नंतर मुळा-मुठेच्या शहरी व शहराबाहेरच्या पट्ट्याकडेही तीच नजर वळवली. म्हणजे पद्धत आपल्याच जिल्ह्यात, आपल्याच नदीवर वापरून झालेली आहे.

इथे नॅनोपोरचा खरा गुण समजून घ्या. आजवरची बहुतेक यंत्रे डीएनएचे तुकडे करून दीडशे-तीनशे अक्षरे वाचतात. त्यावरून पाण्यात औषधरोधी जनुक आहे, एवढे कळते. ते कोणाच्या अंगात आहे, हे कळत नाही. निरुपद्रवी जंतूच्या अंगात असेल तर चिंता एक, आणि माणसाला अंथरुणाला खिळवणाऱ्या जंतूच्या अंगात, तेही एका जंतूतून दुसऱ्यात उडी मारणाऱ्या प्लास्मिडवर, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यावर, असेल, तर चिंता निराळी. नॅनोपोर धागा तोडत नाही. हजारो अक्षरे सलग वाचतो. वाचनाचा उच्चांक वीस लाख अक्षरांच्या पलीकडे गेलेला आहे. जनुक आणि त्याचा शेजार एकाच धाग्यावर दिसतो. २०२२ मध्ये माणसाचा संपूर्ण जनुकसंच पहिल्यांदा पोकळ्या न ठेवता लावता आला, त्यातही अशा लांब वाचनांचा मोठा हात होता. रांजणगाव सांडसच्या संगमावर हाच गुण आपल्याला हवा आहे. वरच्या भीमेत काय आहे, मुळा-मुठेतून काय येते, आणि दोन्ही मिसळल्यावर पारगावच्या, दौंडच्या काठाने काय पुढे जाते, हे वर्षभर दर महिन्याला वाचले पाहिजे. पूर आल्यावर एकदा, मार्च-एप्रिलमध्ये पाणी आटल्यावर एकदा, आणि मधले सगळे महिने.

शंका येईल की याने पाणी स्वच्छ होणार आहे का. नाही होणार. पाणी स्वच्छ करण्याची जबाबदारी ते घाण करणाऱ्यावर आहे, आणि ती वाचनाने कमी होत नाही. पण आजवर आपण फेसाचे फोटो घेऊन तक्रार करत आलो. फोटो खोडून काढता येतो. बारा महिन्यांचे, तारीखवार, जंतूचे आणि जनुकाचे नाव लिहिलेले वाचन खोडून काढायला तेवढाच अभ्यास करावा लागेल, आणि तो कोणी केला तर आपल्याला आनंदच आहे.

याच औषधरोधाच्या संदर्भात क्षयाबद्दल दोन वाक्ये. औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे निदान करण्यासाठी थुंकीतल्या जंतूचा डीएनए वाचण्याच्या चाचण्यांना जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्यता दिली, आणि त्यांत नॅनोपोरवर चालणारी चाचणीही आहे. सीबीनॅट आणि गोव्यात तयार होणारे ट्रूनॅट ही क्षय तपासणारी यंत्रे तालुक्यापर्यंत पोहोचली तसे हेही पोहोचवावे लागेल, ते आपोआप येणार नाही.

यंत्रापेक्षा माणसे लागतात, आणि ती इथे आहेत. शिरूरचे चां. ता. बोरा महाविद्यालय, दौंडची महाविद्यालये, यांतून दरवर्षी विज्ञानाची मुले-मुली बाहेर पडतात. त्यांतल्या कित्येकांच्या घरी गायी आहेत. सड ओळखणारा हात आणि पिपेट धरणारा हात एकाच माणसाचा असणे, हे मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळांना मिळत नाही. या मुलांना पुण्याच्या संस्थांत महिना-दोन महिने शिकायला पाठवा. परत आल्यावर त्यांना इथेच काम द्या. खर्च दूध संस्था, कारखाने आणि पंचायत समिती यांनी मिळून उचलला तर कोणा एकाला जड नाही.

आज या सभागृहात दूध संस्थांचे सचिव आहेत, विज्ञान विभागांचे प्राध्यापक आहेत, पशुवैद्यकही आहेत. तुम्ही एकमेकांना ओळखता, पण या कामासाठी एकत्र बसलेला नाहीत. व्याख्यान संपल्यावर अर्धा तास थांबा, संगमाचा पहिला नमुना कोण घेणार आणि कोणत्या तारखेला, एवढे ठरवा, आणि ठरलेले लिहून कार्यवाहांकडे द्या, ही माझी विनंती.